शटरवाल्याने बांधलेला पडदा

एखादी वस्तू दुकानातून आणली की तिचं रिकामं खोकं माळ्यावर जाऊन पडतं. चार ओळखीच्यांनी मिळून घरी बनवली, की किस्से जमतात आणि ते काही माळ्यावर टाकता येत नाहीत. यवतमाळला आमच्या अंगणात आम्ही सिनेमाचा पडदा बसवला. हवा तेव्हा खाली ओढायचा, झालं की वर गुंडाळायचा. त्यावर सिनेमे फारसे झाले नाहीत अजून, पण चहाला कोणी आलं की बायको आधीच बजावते, "पडद्याचं काढू नका आता, पोळ्या व्हायच्या आहेत."

हा सगळा खटाटोप आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खिडकीजवळच्या पलंगावर होती. खोलीत टीव्ही लावून दिला, तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "सिनेमा का एकटीनं पाहाचा असते? बाजूची रडल्याबिगर मले रडू येत नाही."

बाहेर खुर्चीत बसवतो म्हटलं, तर त्याहून कठीण. "लोकायसमोर मले पोत्यावानी उचलून नेता? मी नाही येत." कोणी भेटायला आलं की डोळे मिटून पडून राहायची. जेवण दोन घासांवर आलं होतं. मला खरंच भीती वाटायला लागली होती. म्हणून ठरवलं, सिनेमा आणि माणसं दोन्ही तिच्या खिडकीसमोर आणायची.

*

गज्या माझा शाळेपासूनचा मित्र. लोहाऱ्याला त्याचं दुकानांची शटरं बनवायचं वर्कशॉप आहे. "वर-खाली होणारी चीज ना? मंग ते माह्यंच काम," म्हणाला. खिडकीसमोरच्या पत्र्याच्या शेडला त्याने पाइप वेल्ड केला, त्यात चांगली जाडजूड स्प्रिंग बसवली आणि मांजरपाटाचं कापड गुंडाळलं. कापडाच्या खालच्या कडेला लाकडी पट्टी लावली.

मी म्हटलं, "स्प्रिंग जास्त होत नाही का?"

"लोखंडाले पुरते, तं कापडाले काहून नाही पुरणार?"

पडदा खाली ओढून हूकला अडकवला. छान दिसला. मग गज्याने हूक काढला. फाडकन आवाज झाला, कापड वर गेलं, पट्टी सुटली आणि भिंतीपलीकडे राठोडांच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत जाऊन पडली.

तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला, "दुकान उघडलं वाटते गज्याचं."

कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन काही बोलली होती. गज्या स्प्रिंगकडे बघत होता, मी खिडकीकडे.

*

पट्टी परत करायला राठोडवहिनी स्वतः आल्या. मला वाटलं मिरच्यांवरून ऐकवणार. त्यांनी फाटलेली कड हातात घेतली आणि म्हणाल्या, "हे शिवण कोनं मारली? गोणपाट शिवलं का?" आणि कापडच घेऊन गेल्या.

वहिनींचं माहेर बंजारा तांड्यावरचं. हातात सुई आली की त्यांना थांबता येत नाही. पडदा परत आला तो दुहेरी शिवणीचा, तळाशी वजनाला लोखंडी सळी घातलेला, आणि चारही बाजूंनी बारीक आरसे टाकलेला! नवी हलकी स्प्रिंग लावून आम्ही प्रोजेक्टर सुरू केला, तर आरशांवरून उजेड उडून भिंतींवर, शेडवर, गज्याच्या कपाळावर ठिपकेच ठिपके.

गज्या वैतागला. "वहिनी, काढा लागते हे. पिक्चर कसा दिसन?"

आतून आई म्हणाली, "राहू दे रे. माह्या छतावर पहिल्यांदा काही हालून राह्यलं."

आरसे राहिले. वहिनी आईला 'याडी' म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत आईच. त्या दिवशी आत जाऊन त्या तिच्या पायाशी बराच वेळ बसल्या.

*

पहिला पूर्ण सिनेमा झाला. मारामारीचा होता. संपल्यावर गज्याने खिडकीशी जाऊन विचारलं, "काकू, कसा वाटला?"

"चांगला होता. फक्त पडला कोन ते नाही समजलं. उभा राहिला तोच दिसला."

मग मी तिच्या पलंगावर आडवा झालो. खिडकीच्या कठड्यावरून पडद्याचा फक्त वरचा अर्धा भाग दिसत होता. आम्ही सगळी मापं उभ्याने घेतली होती. मला फार वाईट वाटलं. पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या, पाठीला उशा लावल्या.

आता पूर्ण पडदा दिसायला लागला, आणि त्याच्यासमोर बसलेल्यांची डोकीही. आईने ती नीट पाहिली. "राठोडीणबाईचे केस पिकले वं," बायकोला म्हणाली. "मले कोनी सांगतलं नाही."

*

परवा एक जुना काळा-पांढरा सिनेमा लावला, आईने लग्नाआधी पाहिलेला. अंगण भरलं होतं. खिडकीकडे पाठ, पडद्याकडे तोंड करून सगळे बसलेले. ताटातूट झालेली बहीण भावाच्या दारात उभी राहिली, त्याने कडी काढली, आणि लाइन गेली.

"आता?" गज्या म्हणाला.

अंधारात मागून आवाज आला. "सांगू का मी?"

आई सांगायला लागली. भाऊ कसा ओळखत नाही, बहीण कशी पाणी मागते. बहिणीचं बोलणं ती बहिणीच्या आवाजात सांगत होती. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एकेक करून सगळे खिडकीकडे वळून बसले.

मधेच लाइन आली. मी प्रोजेक्टर सुरू करायला उठलो, तर वहिनींनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. गज्या पाय न वाजवता शेडकडे गेला आणि त्याने पडदा गुंडाळून ठेवला. कोणीतरी नाक ओढलं. आई थांबली.

"काकू, पुढं?" गज्या म्हणाला.

"पुढं काय? इतक्या दुरून कितीक ओरडू? घसा सुकला माहा. मले बाहीर आना."

मी खिडकीशी गेलो. "कसं आणू, आई?"

"उचलून. दुसरं कसं आनतेत?"