अर्धा रुपयाभार सोडा

माझ्या बायकोची पहिली नानकटाई तिच्या हातानं बिघडली नव्हती. ती मी बिघडवली होती, आणि तीही भट्टीच्या जवळपास न फिरकता, गिरगावातल्या एका पुस्तकाच्या दुकानात उभं राहून. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, मी आणि ही. ही दादरची, आईविना मामाकडे वाढलेली. शिकलेली, बोलायला फटकळ, स्वयंपाक बेताचा. आईच्या हाताला चव होती, पण ती कुणाला द्यायची नाही असं तिनं ठरवलेलं. आमटीत मीठमसाला घालायची वेळ आली की सुनेकडे पाठ करून उभी राहायची. "काय घातलंत?" असं हिनं विचारलं तर, "घातलं गो थोडं." आणि जेवायला बसलं की मला ऐकवायची, "आजची भाजी हिची हो. खा मुकाट्यानं."

ही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. एक दिवस आईच्या देखतच मला म्हणाली, "अहो, मला स्वयंपाकाचं एक पुस्तक घेऊन द्या. रोजच्या वरणभातापासून लोणच्यांपर्यंत सगळं असलेलं, आणि भट्टीचे पदार्थही. ते काही पाठ फिरवून उभं राहणार नाही."

आई चुलीपुढूनच बोलली, "आधी पानं चाळणार की पीठ?"

"दोन्ही चाळीन. तुम्ही बघत राहा."

"बघते ना. दिवाळीची नानकटाई तू कर. जमली तर चूल तुझी, मी जपमाळ घेऊन बसते. नाही जमली तर ते पुस्तक पुन्हा या घरात दिसता कामा नये."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या घरात मी बहुतेक वेळा काहीच बोलत नसे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. वाडीतल्या बायका मोर्च्यांना जायच्या, ही त्यांत पुढे. मी सरकारी कचेरीत कारकून. मोर्च्यात कुणी दिसलात तर घरी बसाल, असं साहेबानं आम्हाला बोलावून सांगितलं होतं आणि मला ते पटायला वेळ लागला नव्हता. एका संध्याकाळी मोर्च्याहून परतलेल्या बायका गॅलरीत पाणी पीत उभ्या होत्या. कुणीतरी हिला विचारलं, "तुमचे हे कुठं दिसले नाहीत?" घोषणा देऊन हिचा घसा बसला होता. तशाच आवाजात म्हणाली, "ह्यांची मुंबई कचेरीतल्या मस्टरपुरती. सही केली की मिळाली."

गॅलरी हसली. सुनेच्या एका शब्दाला कधी न हसणारी माझी आईसुद्धा हसली. मीही हसलो. राग तेव्हा दाखवला नाही, ठेवून दिला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही पुस्तक घ्यायला गेलो. दुकानदारानं दोन पुस्तकं पुढं ठेवली. एक साध्या पुठ्ठ्याचं, बारीक टायपाचं. दुसरं कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं, चांगलं जाडजूड. दोन्हींत सगळं होतं, रोजचं जेवण, सणाचं, आजाऱ्याचं, केक, बिस्किटं, नानकटाई. ही दोन्ही हातांत धरून तोलत राहिली आणि मग माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "तुम्ही नीट वाचून सांगा. मापांचं मला कळत नाही. तुमचा हिशेब चांगला आहे."

मी खरोखरच नीट वाचलं. साध्या पुस्तकात सगळी मापं वाटी-चमच्याची होती. जाडजूड पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र स्पष्ट लिहिलं होतं, यात शेर म्हणजे पक्का शेर धरावा. आमच्या घरात आजोबांच्या जुन्या दुकानातली वजनं वापरात होती, कच्च्या मुंबई शेराची. पक्क्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. मैदा, साखर, तूप पुस्तकात शेरावर होतं, ते सगळं सारख्याच प्रमाणात कमी झालं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण सोडा होता रुपयाभारात, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या वजनात. तो कमी होणार नव्हता. म्हणजे पिठाच्या मानानं तिप्पट पडणार.

हे सगळं मी दुकानात उभ्या उभ्या ताडलं. गॅलरीतलं हसणं कानात होतं.

"हेच घे," मी जाडं पुस्तक पुढं केलं.

"नक्की?"

"नावाजलेलं आहे."

वाटभर तिनं ते माझ्या हातात दिलं नाही. प्रस्तावना वाचणाऱ्यांतली ती नव्हती, घरी येताच नानकटाईचं पान उघडून बसली.

दिवाळीआधी तिनं आजोबांच्या शेरानं मैदा तोलला. सोड्याशी आल्यावर मला विचारलं, "अर्धा रुपयाभार म्हणजे तराजूत आठ आण्यांची अधेली टाकू ना?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी "हो" म्हणालो.

तेव्हा चाळीत ओव्हन कुठले. पीठ घरी मळून गोळे करायचे आणि बेकरीतल्या ट्रेमध्ये लावायचे. ट्रेच्या कडेला खडूनं खोलीचा नंबर. मग सगळ्या वाडीच्या बायका भट्टीपुढं ताटकळत उभ्या. ज्याचा ट्रे निघेल तो सगळ्यांदेखत निघणार. आमचा निघाला तेव्हा गोळे राहिलेच नव्हते. सगळं पसरून एकमेकांना चिकटलं होतं, काळपट तांबूस, आणि वास साबणासारखा. आईनं तुकडा मोडून जिभेला लावला आणि रस्त्यावर थुंकली. शेजारणींकडे वळून म्हणाली, "छापील आहे हो. घ्या ना, वाचा."

हिनं ती चिकटलेली नानकटाई तशीच डब्यात भरली. घरी येऊन पुस्तक उघडलं, बोट ठेवून एकेक माप पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "तुम्ही वाचलं होतंत ना? माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "पुस्तक बरोबर आहे. हाताला सवय लागते."

हे वाक्य सोड्यापेक्षा वाईट होतं. ते मला बोलतानाच कळलं होतं.

पुस्तक मी रद्दीत देऊन टाकलं आणि घरात वाद नको म्हणून दिलं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तिनं कधीतरी प्रस्तावना वाचली असती तर, ही भीती. चूल आईकडेच राहिली, आई जाईपर्यंत. ही तिच्या पाठीमागे उभी राहून भाज्या चिरून द्यायची. मोर्च्यांना जात राहिली, पण चारचौघांत माझ्यावर पुन्हा कधी विनोद केला नाही. मला तेवढंच हवं होतं. मिळालं, आणि मी ते वर्षानुवर्षं बिनबोभाट वापरलं.

परवा मुलीनं विजेचा ओव्हन आणला. हिला म्हणाली, "आई, ये ना, नानकटाई करू." ही दारातच थांबली. "तू कर. माझ्या हाताला भट्टी लाभत नाही." अगदी सहज म्हणाली, आपली उंची किंवा रंग सांगावा तसं. मुलगी मला म्हणाली, "बाबा, आईला सांगा ना काहीतरी." मी चष्मा पुसत राहिलो.

ती आत्ता पलीकडच्या खोलीत आहे. तिचा हात चुकला नव्हता, पुस्तक मी जाणूनबुजून निवडलं होतं, आणि कशाच्या रागानं निवडलं होतं, हे तिला तोंडावर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.