झिलेतला एक आवाज

हे मी लिहावं की नाही, ते अजून नीट ठरत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मांडणी चुकली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मुरुडच्या आमच्या कोळीवाड्यातल्या मंडळींनी मुंबईला जाऊन एक गाणं ग्रामोफोनच्या तबकडीवर भरलं होतं. माझा थोरला भाऊही झील धरायला, म्हणजे मागून साथीला गायला, गेला होता. पुढच्या हंगामात त्याची होडी वादळात गेली. कोणीच सापडलं नाही. त्याचा फोटोही घरात नव्हता. होती ती एवढी तबकडी.

तेव्हा मी अलिबागला शिकत होतो. एका मासिकातल्या आकृतीवरून व्हॉल्व्हची एक पेटी बनवली. सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवून ती रेडिओला द्यायची. पण गाण्याइतकीच तिची घरघर ऐकू येई. तरी आई तासन्‌तास ऐकत बसायची. धुक्यात होडी दिसायच्या आधी नुसत्या हाकेवरून माणूस ओळखणाऱ्या आमच्या बायका. झिलेत एक जाड आवाज शेवट लांबवायचा, तिथं ती बोट वर करी.

"ह्यो माजा."

तिला तो स्वच्छ ऐकू यावा म्हणून मी सुट्टीत पेटी पुन्हा उघडली. व्हॉल्व्हच्या दिव्याला वीज नेणाऱ्या तारा एकमेकींत पिळल्या, ट्रान्सफॉर्मर लांब नेला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी डाख देऊन जोडल्या. घरघर गेली.

आईनं गाणं पुरं ऐकलं. बोट वर झालं नाही.

"ह्यो न्हाय. कुटं घालवलास त्याला?"

"आय, तबकडी तीच आहे."

"तबकडी हाय. मानूस न्हाय."

शेजारची मावशी सुकट निवडत बसली होती. "कालवन गाळल्यागत गाळलंन गो गानं. शिकलेला ना."

मला वाटलं, दोष माझाच. एखादा कंडेन्सर खालचे सूर अडवत असणार. मोठा बसवला, ढोलकी जड झाली, आईचा चेहरा तसाच. रेझिस्टन्स बदलून पाहिले. शेवटी केलेलं सगळं उलटं करून घरघर परत आणली. तीही उपयोगी पडली नाही. एकदा साफ ऐकलेलं आईचे कान विसरेनात. तरी मी प्रत्येक सुट्टीत पेटी उघडायचो, आणि ती दारात येऊन विचारायची, "आला का?"

पुढे वाड्यात एक लग्न निघालं. त्या गाण्यात झील धरणारे एक म्हातारे काका लेकीकडे बोर्ली पंचतनला राहायला गेले होते, ते लग्नाला आले. भीत भीतच मी त्यांना विचारलं, दादाचा आवाज नेमका कुठला?

काकांनी मला मांडवाबाहेर नेलं.

"त्यो गायलाच न्हाय रं. मासळीच्या टोपल्या राखायला कोन तरी पायजे व्हता, त्यो मुंबयच्या धक्क्यावरच ऱ्हायला. परत आल्यावर आमाला म्हनला, आयला सांगू नका. मी पन गायलो म्हना."