शिवलेलं प्रकरण

रहिमतपूरच्या आमच्या वाचनालयात फॉल-पिको करणाऱ्या एक भाभी येतात. त्यांना हल्लीच्या प्रेमाच्या कादंबऱ्याच लागतात. कपाटापाशी उभ्या राहून त्या आधी शेवटचं पान वाचतात. दोघं एकत्र आली असतील तरच पुस्तक पिशवीत जातं.

एकदा त्यांनी घाईत न बघताच एक नेलं. परत आलं, तेव्हा शेवटचं प्रकरण साडीला फॉल लावावा तशा बारीक हातशिलाईनं कडेनं शिवून टाकलेलं.

"भाभी, पुस्तक वाचनालयाचं आहे!" मी चिडले.

"म्हनून शिवलं, ताई. माझं असतं तर चुलीत घातलं असतं. त्यानं तिला सोडली. लय गुनाची पोरगी हुती."

मी कात्री काढली, पण उसववेना. तसंच कपाटात लावलं. त्यानंतर पाचजणींनी नेलं. एकीनंही टाका उसवला नाही.