व्हरांड्याच्या पाच पायऱ्या

चेंडू भोकात ढकलायची वेळ आली की बिरूमास्तर पायांतले जोडे काढून बाजूला ठेवायचे. आमच्या सोलापुरात गोल्फला हिरवळ कुठून असणार? भोकाभोवती वाळूत तेल कालवून एक गोल सपाट केलेला असे, तीच आमची हिरवळ. चैत्रात ती वाळू तव्यासारखी तापे. मास्तर तिच्यावरून अनवाणी एक फेरी मारत, वाकून चेंडूला हलकेच ढकलत आणि तो मुकाट भोकात जाई. साहेबलोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "चेंडूला जात कळत न्हाय, उतार कळतो. तो आदी आपल्या पायाला कळाय पायजे की."

तीस सालच्या आगेमागे मी त्या क्लबात कारकून होतो. मास्तर जेऊरकडचे धनगर. मेंढरांमागे काठीनं दगड टोलवत वाढले, फायनल पास झाले आणि सोलापुरात प्राथमिक शाळेत लागले. क्लबाच्या माळावर मेंढरं चारायला येणाऱ्या गाववाल्यांना भेटायला ते येत. एके दिवशी एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबाचा जोडीदार आला नाही, तेव्हा त्यानं गंमत म्हणून यांच्या हातात काठी दिली. त्या दिवसापासून साहेबाला दुसरा जोडीदार नकोसा झाला. त्यानं आपल्या शब्दावर मास्तरांचं नाव हौशी खेळाडूंच्या यादीत घालून घेतलं. खेळ संपला की मास्तर पाच पायऱ्या चढून व्हरांड्यात येत, वेताच्या खुर्चीत ऐसपैस बसत आणि लिंबाचं सरबत मागवत. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटे. मी त्याच व्हरांड्यात आठ वर्षं वह्या घेऊन उभा होतो.

पुण्याकडे पगारी खेळाडूंची मोठी स्पर्धा भरायची. हौशींनाही तिथं मुभा असे, पण जिंकायला कुणी जात नसे. मास्तर शाळेची रजा काढून गेले. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी शेवटच्या भोकापाशी त्यांनी जोडे काढले तेव्हा लोक खो खो हसले म्हणे. चेंडू भोकात गेला आणि एका टोल्याच्या फरकानं मास्तरांनी सगळ्या पगारी खेळाडूंना मागं टाकलं. हौशी म्हणून त्यांना बक्षिसाची रक्कम घेता येईना, चांदीचा कप मिळाला. तो त्यांनी आणून क्लबाला देऊन टाकला. सेक्रेटरीसाहेबानं व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला.

महिन्याभरात क्लबानं त्यांना विचारलं, पगारावर खेळ शिकवायला येता का? मास्तर माझ्याकडे आले. शाळेत रजेसाठी हातापाया पडावं लागे, आणि त्यांच्या डोक्यात तर सकाळसंध्याकाळ माळच होता. "अण्णा, रोज खेळाय मिळंल. घिऊ का न्हाय?"

आता इथं माझी चूक आली. पगारी खेळाडूनं मागच्या दारानं यायचं, व्हरांड्यात पाऊल टाकायचं नाही, हा नियम मला पाठ होता. मास्तरांनाही ठाऊक होता. पण आम्हा दोघांनाही वाटलं, ज्याचा कप कपाटात आहे त्याला कोण अडवतो? मी म्हणालो, घ्या मास्तर, लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नका. त्यांनी शाळेचा राजीनामा दिला.

पहिल्या दिवशी शिकवणी आटोपून ते नेहमीसारखे पायऱ्या चढले आणि खुर्चीत बसले. सरबत मागवलं, ते आलं नाही. थोड्या वेळानं सेक्रेटरीसाहेबानं मला आत बोलावून त्याच नियमाचा मजकूर सांगितला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, मराठीत वेगळा, मास्तरांना नीट कळावा म्हणून. बाहेर नेऊन त्यांच्या हातात दिला. मान वर करायची माझी छाती झाली नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि खाली उतरताना एवढंच म्हणाले, "अक्षर लई झ्याक हाय तुमचं, अण्णा."

पुढची चार वर्षं ते त्या पायऱ्यांखाली उन्हात उभे राहून साहेबांची वाट पाहत. शाळेतली जागा कधीच भरली गेली होती, परतायला वाट नव्हती. मॅनेजरसाहेब पेन्शन घेऊन विलायतेला गेला, जाताना त्यानं मास्तरांशी हात मिळवला तोही पायरीवरूनच. पाहुण्यांना कपाटातला कप दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ज्यानं जिंकला तो खाली उभा आणि मी वर उभा राहून त्याचं कौतुक सांगतोय. लाज वाटायची. पण नोकरी सोडण्याइतकी वाटली नाही, हेही सांगून टाकतो. मास्तरांनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही. फक्त विनोद करायचं थांबवलं.

चैत्रातली ती दुपार. एका नव्या साहेबाला हौस आली होती, त्यानं सकाळी अकरापासून त्यांना माळावर धरून ठेवलं. दोनच्या सुमाराला मास्तर त्या वाळूतच अनवाणी कोसळले. मी आणि माळी धावलो. अंग भट्टीसारखं तापलेलं, शुद्ध नाही. जवळ सावली फक्त व्हरांड्याची. आम्ही त्यांना उचलून पायऱ्या चढलो. आज कुणाची हिंमत होती अडवायची! वर बसलेले साहेबही उठून बाजूला झाले.

खाली टेकवताना त्यांचे तळवे थंड फरशीला लागले. तेवढ्यानं मास्तरांनी डोळे उघडले. छत पाहिलं नाही, कपाट पाहिलं नाही. पायांना कळलं होतं.

"हितं न्हाय, अण्णा," ते म्हणाले. "खाली घ्या."

मी म्हणालो, मास्तर, पडून राहा, डॉक्टर येतोय, कुणी काही म्हणत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता.

"कागद खिशात हाय माज्या. तुमीच लिवलाय."

मी त्यांना खाली नेलं नाही. डॉक्टर यायच्या आत ते त्याच फरशीवर गेले. त्या कागदाविरुद्ध, आणि त्यांच्याही मनाविरुद्ध, मी एवढी एकच गोष्ट केली, आणि तीही चार वर्षं उशिरा. कागद मी त्यांच्या खिशातून काढून घेतला. अक्षर अजून तसंच सुवाच्य आहे.