वैशालीचा लाटेवरचा फोटो

माझी जाऊ बुडून मेलेली नाही.

आधी हे वाचा, मग हात जोडलेले इमोजी टाका.

वैशाली घरातच वारली. पडवीत, दसऱ्याच्या माळा ओवताना. "ताई, डोक्यात कसंतरी होतंय" म्हणाली आणि तिथेच कलंडली. गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ब्रेन हॅमरेज.

आज वर्षश्राद्ध झालं.

आणि आमच्या मळ्याच्या रस्त्यावर कोणालाही विचारा, तो सांगेल, "ती होय? ती समुद्रात बुडाली."

कारण काय, तर बॅनर.

आमच्याकडे माणूस गेलं की दिवस मावळायच्या आत चौकात फ्लेक्स लागतो. बाई असली तर डोक्यावर पदर, मागे ढग. फ्लेक्सवाल्याने फोटो मागितला, मी तिचा लाटेवरचा दिला.

पोटाखाली बॉडीबोर्ड नावाची आखूड फळी, तोंडावर केस चिकटलेले, मागे भिंतीएवढं पाणी आणि ही बाई दात काढून हसतेय.

लोकांनी वर समुद्र बघितला, खाली श्रद्धांजली वाचली. झालं. बुडवून मोकळे.

फोटो मीच दिला. परत वेळ आली तर तोच देईन.

आता "मळ्यातल्या सुनेला ही थेरं कशाला" असं ज्यांनी वर्षभर विचारलं, त्यांनी जरा बसा.

आम्ही दोघी महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर लेडीज बॅचला जायचो. तिथल्या ग्रुपबरोबर एकदा देवगडच्या बाजूला गेलो. मच्छीमारांचं गाव. उतरलो जनीमावशीकडे, तिच्या घरची होडी आहे.

बंदराशेजारी काळ्या खडकांचं टोक आहे. तिथे लाट एकदम उठते आणि खडकावर फुटते. सर्फिंगवाली कसलेली पोरं तेवढी तिथे जातात. शिकाऊ माणसाला पलीकडे वाळूत पाठवतात.

वैशाली त्या टोकाकडेच बघत उभी.

जनीमावशी म्हणाली, "हयसर आमचे झील पण उतरनत नाय गो." म्हणजे आमची पोरंसुद्धा इथे उतरत नाहीत.

तर ही काय उडी मारून मोकळी झाली नाही. सगळी सुट्टी खडकावर बसून होड्या बघत राहिली. मी सुरमई खाऊन झोपा काढल्या.

शेवटच्या दिवशी मला ओढत नेलं. "ताई, होड्या कुठून बाहेर पडतात बघ. तिथे लाट फुटतच नाही. किनाऱ्याला आलेलं पाणी तिथून परत चाललंय."

मला सगळं पाणी सारखंच दिसत होतं. पण ती पिकाला पाणी देताना मळ्यात दारं धरणारी बाई. कोणत्या सरीत पाणी वळलं, कुठे फुटलं, हे तिला बांधावरून कळायचं.

त्यानंतर कित्येक सुट्ट्या वाळूतल्या लाटांवर आपटून घेतलं. मग बोर्ड छातीखाली घेतला, पायात पोहायचे रबरी फिन चढवले आणि होड्यांच्या वाटेने आत गेली.

पहिल्या लाटेने उचलून फेकली. मी खडकावरून तिच्यावर ओरडले.

दुसरी लाट तिने धरली. अख्ख्या खडकाच्या कडेने आडवी घसरत आली आणि काय किंचाळली, बंदरावरची कुत्री भुंकायला लागली.

एक सर्फर पोरगा म्हणाला, "काकू, उभं राहायचं असतं. झोपून काय?"

"बाळा, तू उभा राहतोस आणि पडतोस. मी आधीच आडवी आहे."

बाहेर आली तेव्हा कोपर सोललेलं. जनीमावशीने हळद लावली आणि शिव्या घातल्या, दोन्ही एकदमच.

तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला मावशीच्या होडीला आमच्या मळ्यातला झेंडू. पावसाळ्यात समुद्राला नारळ वाहायच्या आधी त्या गावातलं कोणी पाण्यात उतरत नाही. सर्फिंगची पोरं उतरायची, वैशाली नाही. म्हणायची, "त्यांचं दार आहे ताई. त्यांनी उघडलं की आपण जायचं."

आता सांगा, ही बाई बेफिकीर होती?

पण बॅनर लागला आणि मळ्यातल्या सुना लेडीज बॅचमधून एकेक करून बंद झाल्या. वैशालीची गौरी कॉलेजला आहे, आईपेक्षा चांगली पोहते. तिलाही घरातून बंदी. यंदा नारळी पौर्णिमेला झेंडूही गेला नाही.

आज पंगत उठल्यावर आमच्या चुलत सासऱ्यांनी, अण्णांनी, विषय काढलाच. "ती फळी आपल्या गंगेत सोडून द्या. एक जीव घेतलाय तिनं, पोरीचा नको."

गौरी दाराला टेकून उभी होती. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तर सासूबाई उठल्या.

ह्याच सासूबाई वैशालीला म्हणायच्या, "उघड्या पायांनी पाण्यात लोळती, लाज नाय वाटत?"

आत गेल्या. स्वतःच्या कॉटखालून बोर्ड काढला. त्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

"अण्णा, ती पाण्यात नाय गेली. माझ्या मांडीवर गेली. ह्या मांडीवर. वर्षभर लोकं मलाच माझ्या सुनेचं मरण सांगत्यात. लय ऐकलं."

"वहिनी, पण पोरीचा विचार..."

"तिचाच करती."

मग गौरीकडे वळल्या. "तिकडचा नारळ झाला ना?"

गौरीने मान हलवली.

"मग जा. झेंडू घेऊन जा. मावशीला म्हणावं, यंदा माळा उशिरा आल्या."

मी पडवीत जाऊन हमसून रडले. वर्षभर भांडत होते, रडायला सवडच झाली नव्हती.

तर पहाटे निघतोय. मागच्या सीटवर झेंडूचं क्रेट, टपावर बोर्ड. चौकात वर्षश्राद्धाचा नवा फ्लेक्स लावलाय, फोटो तोच. खाली काय लिहायचं ते लिहा, फक्त बुडाली लिहू नका.

वैशाली, तुझी पोरगी होड्यांच्या वाटेने आत जाईल. मी खडकावर बसून तिच्यावर ओरडेन, तुझ्यावर ओरडायचे तशीच.

नीट जा, बाई.