करीच्या मटणाचा पास्ता

अमरावतीच्या स्टँडवर आदल्या दिवसाचा गुलाल अजून फरशीला चिकटलेला होता. घरात कुणी गेले की त्यानंतरच्या पहिल्या होळीच्या सणाला माहेरच्या माणसाने तिथे जाऊन जेवायचे, असा आमच्याकडे रिवाज आहे. ताई दिवाळीनंतर गेली. करीला (धुळवडीच्या दिवशी) गाड्या मिळाल्या नाहीत, म्हणून मी एक दिवस उशिरा तिच्या घरी, अकोल्याला निघालो.

बाहेर वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडे) उभी होती. मधेच एखादा पेटलेला पळस. मांडीवरच्या पुस्तकाचे एकच पान मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. मूर्तिजापूरच्या पुढे टायर बसले. सगळे लिंबाखाली उतरलो. एका म्हाताऱ्याने संत्र्याच्या फोडी पुढे केल्या, कुठे निघालात म्हणून विचारले. बहिणीकडे, असे सांगितले.

अकोल्यात पोहोचलो तेव्हा ऊन चटका देत होते. भाऊजी खुर्चीतून उठले, पाणी दिले, पुन्हा बसले. शर्ट अंगावर लोंबत होता. भाची सोनल मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिने फ्रिज उघडला. सुतकाच्या वर्षी सणाला घरात कढई चढत नाही. शेजारी डबे पाठवतात. करीचे मटण पाच घरांतून आले होते. भाऊजींनी एकही डबा उघडला नव्हता. तिला उद्या पुण्याला नोकरीवर जायला निघायचे होते.

"मामा, बाबांचे हे असेच राहिले तर मी जात नाही," ती म्हणाली. "नोकरी गेली तर गेली."

मग तिने पाचही डब्यांतले मटण हाडांवरून सोडवून एकत्र केले. एकाचा रस्सा जाळ तिखट, दुसऱ्यात खोबरेच खोबरे. पास्ता उकडून त्यात मिसळला, वर चीज किसले आणि ताईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये ठेवले. सणाला चूल कशाला, असे भाऊजींनी बाहेरूनच विचारले. कढई चढवली नाही, एवढेच तिने उत्तर दिले.

डबा न्यायला शेजारच्या शांताबाई आल्या. ओव्हनच्या काचेतून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"शेवयाले भोकं कायले पाडले वं पोरी?"

सोनल कितीतरी दिवसांनी हसली असावी. तिने त्यांनाही पान मांडले. पण दुःखाच्या घरी घरधन्याने पहिला घास घेतल्याशिवाय पाहुणा जेवत नाही. वरचा थर तांबूस होऊन तडकला होता, वाफ येत होती. आम्ही तिघे हात आवरून बसलो. भाऊजी ताटाकडे पाहत होते. मी सकाळपासून उपाशी होतो, तरी त्यांना जेवा म्हणायची माझी हिंमत होईना.

शेवटी शांताबाईच बोलल्या. "भाऊ, माह्या घरी सैपाक नाही केला मी आज. मले उपाशी धाडता का?"

भाऊजींनी घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"मीठ कमी हाये," भाऊजी म्हणाले.

सोनल मीठ आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शांताबाई मात्र आपल्या घरचे मटण यात नेमके कोणते, ते शोधत जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सोनलला आम्ही दोघांनी स्टेशनवर पोहोचवले. मग भाऊजी मला सोडायला स्टँडवर आले. ते चीज अकोल्यात कुठे भेटते, असे त्यांनी दुसरीकडे पाहत विचारले. मलाही ठाऊक नव्हते. अमरावतीची गाडी लागली होती; ती जाऊ दिली. उन्हात तीन दुकाने फिरलो, चौथ्यात मिळाले.

परतताना अंधार पडत होता. माहेरचा माणूस जेवल्याने दुःख कमी होते की नाही, मला सांगता येणार नाही. दमलो होतो. पण शेवटच्या दुकानात पाकिटावरची बारीक अक्षरे भाऊजी चष्मा लावून वाचत होते, आणि मी शेजारी उभा होतो. ताईने मला बहुधा एवढ्यासाठीच धाडले असते.