काकूंनी फिरवलेलं स्टिअरिंग

निजामपुऱ्यातल्या गॅरेजात पॉवर स्टिअरिंगचा पंप मी पहिल्यांदाच एकट्याने बदलला होता. गाडी सुरू केली, तर स्टिअरिंग जड, आणि वळवलं की पंप घुंऽऽ करून रडायचा. शेठनी आधीच बजावलं होतं, "हे काम बिघडलं तर गावाचं तिकीट काढ." आठवीत शाळा सोडलेल्या मला दुसरं कोण ठेवणार?

गाडी रावपुऱ्यातल्या एका काकूंची. चपला बाहेर काढूनच गाडीत बसायची त्यांची सवय. माझा चेहरा बघून त्या स्टिअरिंगवर बसल्या. "घाबरतोस काय? मी काय करू, ते सांग."

तेल ओतून मी घाईने लगेच इंजिन सुरू केलं होतं, म्हणून आत हवा अडकली होती. इंजिन बंद करून पुढची चाकं जॅकवर उचलली. काकू स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिल्या, मी तेलाच्या टाकीत बघत राहिलो.

"येतायत का रे बुडबुडे?"

"येतायत, काकू."

"येऊ देत मेले."

अजून किती वेळ लागणार म्हणून केबिनमधून शेठ गुजरातीत ओरडले, "केटली वार, भाई?"

काकूंनी मान बाहेर काढली. "मीच त्याला धीमे धीमे कर म्हटलंय, शेठ. मला उतावळ नथी, काही घाई नाही."

बुडबुडे थांबले. इंजिन सुरू केलं, आवाज गेला होता. शेठनी एका बोटाने स्टिअरिंग फिरवून पाहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

घरी माझ्या हातून काही फुटलं, की आई वडिलांना असंच सांगायची, "माझ्याच हातून पडलं."